माणसं किती लागतात?

रिफायनरी किती मोठी आहे हे सांगताना टन सांगतात. वर्षाला अमुक दशलक्ष टन कच्चं तेल शुद्ध करणार. मग एकर सांगतात, मग कोटी रुपये. माणसांचा आकडा मात्र नेहमी एका जोडशब्दाला चिकटून येतो: 'प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष'. प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाखभर रोजगार. त्यातले प्रत्यक्ष किती, अप्रत्यक्ष किती, कायमचे किती, बांधकाम संपल्यावर उरणारे किती, हे विचारलं की उत्तर देणारा माणूस पुन्हा टनांकडे वळतो.

मला हा आकडा खटकतो याची कारणं घरातली आहेत. मी चेंबूरला रिफायनरीच्या कॉलनीत वाढलो. बाबा प्लांट ऑपरेटर होते. मी केमिकल इंजिनिअरिंग केलं, पण नोकरी लागली ती सॉफ्टवेअरमध्ये. गेली पाच-सहा वर्षं पुण्यात बसून मी रिफायनऱ्या आणि पेट्रोकेमिकल प्लांट आपोआप, अधिक काटेकोर चालवणारं सॉफ्टवेअर लिहितो. आणि आईचं माहेर आहे राजापूर तालुक्यात. नाणार आणि बारसू ज्या तालुक्यात आहेत, तोच. त्यामुळे देशाच्या तेलशुद्धीकरणाची गोष्ट आमच्याकडे जेवणाच्या ताटावर होते आणि बहुतेक वेळा भांडणावर संपते.

आधी देशाची बाजू मांडतो, कारण ती खरोखर मोठी आहे. आसामातल्या दिग्बोईला १९०१ साली रिफायनरी सुरू झाली. १९४७ साली स्वतंत्र भारताकडे तेवढी एकच रिफायनरी होती, वर्षाला पाव दशलक्ष टनांची. पेट्रोल, रॉकेल बहुतेक सगळं परदेशातून तयार होऊन यायचं. पन्नाशीच्या दशकात ट्रॉम्बेला दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, १९५४ साली एस्सोची आणि १९५५ साली बर्मा-शेलची. १९५७ मध्ये विशाखापट्टणमला कॅल्टेक्सची आली. तिन्ही परदेशी कंपन्यांच्या. कच्चं तेल कुठून आणि कोणत्या भावाने घ्यायचं, हे त्या ठरवत. १९६० मध्ये सोव्हिएत रशियाने स्वस्त कच्चं तेल देऊ केलं, तेव्हा या कंपन्यांनी ते शुद्ध करायला नकार दिला. तेव्हाचे तेलमंत्री केशवदेव मालवीय यांचा आग्रह होता की देशाच्या स्वतःच्या रिफायनऱ्या हव्यात, आणि असे प्रसंग आल्यावर तो आग्रह किती बरोबर होता ते सगळ्यांना दिसलं. रुमानियाच्या मदतीने गुवाहाटी, रशियाच्या मदतीने बरौनी आणि कोयाली, अशा सरकारी रिफायनऱ्या १९६२ ते १९६५ या काळात सुरू झाल्या. १९६५ मध्येच इंजिनिअर्स इंडिया ही कंपनी निघाली, जेणेकरून रिफायनरीचं डिझाईन तरी आपल्याला करता यावं. १९७४ ते १९७६ दरम्यान परदेशी कंपन्यांच्या रिफायनऱ्याही सरकारने ताब्यात घेतल्या. एस्सोची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, बर्मा-शेलची भारत पेट्रोलियम.

नंतर जामनगर आलं. १९९९ साली रिलायन्सची रिफायनरी सुरू झाली ती २७ दशलक्ष टनांची, म्हणजे दिग्बोईच्या शंभरपट. २००८ अखेर शेजारीच दुसरी उभी राहिली. एकाच जागेवर एवढी क्षमता जगात दुसरीकडे नाही. आज देशाची एकूण क्षमता सुमारे २५७ दशलक्ष टन आहे. अमेरिका, चीन आणि रशियानंतर आपला नंबर लागतो. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त आयात करावं लागतं, तरीही डिझेल-पेट्रोल निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांत आपण आहोत. जमिनीखाली तेल नसताना हे जमवणं सोपं नाही. १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ इंधन आलं. पेट्रोल-डिझेलमधलं गंधक दर दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणायचं होतं, त्यासाठी जवळपास प्रत्येक रिफायनरीत नवी युनिटं बसवावी लागली, हायड्रोजन बनवावा लागला. सामान्य माणसाला त्यातलं काहीच जाणवलं नाही. पंपावर तसंच पेट्रोल मिळत राहिलं, आणि हेच त्या कामाचं यश.

हे वाचून छाती फुगते. माझीही फुगते. पण मला चेंबूरबद्दल सांगायचं आहे.

चेंबूरला एक सौदा झाला होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून आले. आयटीआयला 'अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट' हा ट्रेड केला, अप्रेंटिस म्हणून आत गेले, कायम झाले. कायम झाल्यावर क्वार्टर, दवाखाना, मुलांना शाळेची बस, कँटीनचं दोन रुपयांतलं जेवण, सोसायटीचं कर्ज, निवृत्तीनंतरची तजवीज. बदल्यात तीन शिफ्ट. फर्स्ट, सेकंड, नाईट. दिवाळीच्या पहाटेही बाबा कंट्रोल रूममध्ये. बदल्यात वास. पाहुणे आले की विचारायचे, "कसला वास येतो?" आणि आम्ही म्हणायचो, "कुठे?" रात्री फ्लेअर मोठा झाला की खोलीच्या भिंतीवर नारिंगी उजेड हलायचा. बाबा घरी असले तर खिडकीतून बघून सांगायचे, "कुठलं तरी युनिट ट्रिप झालंय." मग परत झोपायचे.

दहावी झालेला एक मुलगा आयटीआय करून आत जातो आणि त्याचा मुलगा इंजिनिअर होऊन बाहेर येतो, हा त्या सौद्याचा अर्थ. आमच्या कॉलनीत अशी शेकडो घरं होती. सरकारी उद्योगांना नावं ठेवणाऱ्या माझ्या पिढीतल्या पुष्कळ जणांची फी अशाच पगारांतून भरली गेली आहे.

पण सौदा सगळ्यांशी नव्हता. कुंपणाच्या बाहेर माहुल, आंबापाडा, गव्हाणपाडा होतं. तिथल्या कोळ्यांना वास मिळाला, क्वार्टर नाही मिळाली. पुढे तर मुंबईत जलवाहिन्यांवरच्या झोपड्या हटवल्या तेव्हा हजारो कुटुंबांना माहुलच्या इमारतींत आणून टाकलं. ज्यांचा रिफायनरीशी काडीचा संबंध नव्हता, ती माणसं तिच्या शेजारी राहून आजारी पडू लागली. ती भांडली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाडं द्या असं बजावलं. कॉलनीतला दवाखाना आणि माहुलमधला खोकला यांच्यात एक भिंत होती. भिंतीच्या कोणत्या बाजूला जन्म झाला, एवढाच फरक.

आता माझ्या कामाबद्दल. बाबा लागले तेव्हा कंट्रोल रूमच्या भिंतीवर हवेच्या दाबावर चालणारे गोल डायल आणि कागदी चार्ट होते. फील्डवरचा माणूस तासातासाला प्लांटमध्ये फिरून गेज वाचायचा आणि लॉगशीटवर आकडे लिहायचा. पॅनेलवरचा माणूस त्यावरून व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवायचा. नव्वदीनंतर भिंतीवरचं पॅनेल संगणकाच्या पडद्यावर आलं. त्यानंतरची पायरी म्हणजे आमचं सॉफ्टवेअर. भट्टीत कच्चं तेल साडेतीनशे अंशांच्या वर तापवून उंच टॉवरमध्ये सोडतात, वरून हलकं निघतं, खालून जड. प्रत्येक थराचं तापमान एखाद-दुसऱ्या अंशाने सरकलं तरी डिझेलमध्ये जाऊ शकणारा माल रॉकेलमध्ये जातो. आमचा प्रोग्रॅम मिनिटामिनिटाला हिशोब करून शेकडो सेटिंग किंचित हलवतो आणि प्लांटला शक्य तेवढ्या कडेला नेऊन चालवतो. अनुभवी ऑपरेटर सुरक्षित अंतर ठेवून चालवायचा. प्रोग्रॅमला ते अंतर कमी ठेवता येतं. वाचलेल्या अंतरात कंपनीचा नफा असतो.

त्याच्या वर आणखी एक थर असतो, नियोजनाचा. जगभरातलं पन्नास प्रकारचं कच्चं तेल, प्रत्येकाचा गुण वेगळा, भाव वेगळा. त्यातलं कोणतं किती घ्यायचं, कोणत्या युनिटमधून किती चालवायचं, काय किती बनवायचं, म्हणजे बॅरलमागे जास्तीत जास्त सुटतील? हे गणित लिनियर प्रोग्रॅमिंगने सोडवतात. १९५२ साली चार्न्स, कूपर आणि मेलन या तिघांनी विमानाच्या पेट्रोलच्या मिश्रणावर असा अभ्यास छापला. रिफायनऱ्यांनी हे तंत्र फार लवकर उचललं आणि आजही तेच चालतं. या गणिताची एक सुंदर गोष्ट म्हणजे ते नुसतं उत्तर देत नाही, प्रत्येक मर्यादेची किंमतही सांगतं. तिला शॅडो प्राइस म्हणतात. टाकीत आणखी थोडी जागा असती तर किती रुपये जास्त सुटले असते? गंधकाची अट थोडी सैल असती तर? प्रत्येक अडचणीसमोर एक आकडा येतो.

अशा मॉडेलमध्ये मी माणसं शोधली. हजारो ओळींत माणूस नावाची राशी नाही. टाक्या आहेत, पंप आहेत, वाफ आहे, हायड्रोजन आहे. माणसांचा पगार हा स्थिर खर्च धरतात, तो गणिताबाहेर राहतो. हे मुद्दाम कोणी केलेलं नाही. एवढ्या प्रचंड उलाढालीत पगार हा फरक पाडण्याइतका मोठा आकडाच नाही. भारत पेट्रोलियमच्या मुंबई, कोची आणि बीना अशा तीन रिफायनऱ्या आणि देशभर पसरलेलं पंप-गॅसचं जाळं, हे सगळं धरून कंपनीचे कायम कर्मचारी १० हजारांहून कमी आहेत. नवी युनिटं तर पहिल्या दिवसापासून आमच्यासारख्यांचं सॉफ्टवेअर गृहीत धरूनच बांधतात.

हे बाबांना मी कधी समजावून सांगितलं नाही, त्यांनाच माझ्याआधी कळलं होतं. निवृत्त होताना त्यांच्या जागा भरल्या जात नव्हत्या, ते बघत होते. शटडाऊन आला, म्हणजे काही वर्षांनी प्लांट थांबवून दुरुस्तीला घेतला, की गेटबाहेर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कंत्राटी कामगारांची रांग लागायची. महिना-दीड महिना काम आणि मग पुढच्या गावची रिफायनरी. तीही माणसं रिफायनरीतच काम करतात. फक्त त्यांच्या मुलांसाठी शाळेची बस येत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी राजापूरला जायचो.

२०१७ मध्ये नाणार परिसरातली गावं औद्योगिक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाली. तिथे ६० दशलक्ष टनांची एकच अजस्र रिफायनरी आणि पेट्रोकेमिकल संकुल व्हायचं होतं. मुंबईतल्या दोन्ही रिफायनऱ्या मिळून साडेएकवीस दशलक्ष टनांच्या आहेत, म्हणजे त्यांच्या जवळजवळ तिप्पट. तीन सरकारी तेल कंपन्यांची भागीदारी होती, २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक सोबत आली, ३ लाख कोटी रुपयांची गोष्ट सुरू झाली. गावांनी विरोध केला, राजकारण फिरलं, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी अधिसूचना रद्द झाली. मग २०२२ मध्ये त्याच तालुक्यातल्या बारसूचं नाव राज्य सरकारनेच केंद्राला सुचवलं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी बोअर मारायला गाड्या आल्या, बायका सड्यावर उन्हात बसून राहिल्या, लाठ्या आणि अश्रुधूर झाला. याच बारसूच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत आणि कोकणातल्या कातळशिल्पांच्या ज्या यादीचा युनेस्कोच्या प्राथमिक यादीत समावेश झाला, तीत बारसूचं नाव आहे. शहरातल्या चर्चांमध्ये हा सगळा विषय 'विकास की पर्यावरण' असा मांडला गेला.

आमच्या घरात तो तसा नव्हता. मामाची आंब्याची कलमं आहेत, फार नाहीत, पण वर्ष निघतं. तो विरोधात. लोटे परशुरामची एमआयडीसी झाल्यावर दाभोळच्या खाडीतल्या मासेमारीचं काय झालं, हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. एन्रॉन तर सगळ्यांनी पाहिलं. याच तालुक्यात जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी जमिनी गेल्या. मामाचा मुलगा मात्र बाजूने. त्याने आयटीआय केलंय, ट्रेड तोच, बाबांचाच. तो तळोज्याला एका कारखान्यात कंत्राटावर आहे, तिघांत एक खोली. त्याचं म्हणणं, घरापासून दहा किलोमीटरवर असं काम येणार असेल तर नको म्हणायला आपण कोण? तो जामनगरचं उदाहरण द्यायचा. तिथे रिफायनरीच्या आवारात रिलायन्सने शेकडो एकरांवर आमराई केली आहे, लाखावर झाडं आहेत, मग हापूस कसा मरेल?

"ती आमराई कोणाची?" मामा विचारायचा.

"कंपनीची."

"मग? आंबा जगेल रे. आंबेवाला कुठे जाईल ते बोल."

एकदा मामाने मलाच धरलं. म्हणाला, "तू या कामातला आहेस. भावोजींना जे मिळालं ते माझ्या पोराला मिळणार असेल तर मी कलमं सोडतो. कंपनी आंब्यांचं काय करायचं ते करो. मिळणार आहे का, एवढं सांग."

मी त्याला एका नव्या युनिटची कंट्रोल रूम कशी असते ते सांगितलं. एका शिफ्टला पडद्यांसमोर दोन-तीन जण, बाहेर फील्डवर आणखी चार-पाच. त्यातले बरेच डिप्लोमा किंवा डिग्रीवाले, देशभरातून परीक्षा देऊन आलेले. देखभाल बहुतेक कंत्राटावर. सिक्युरिटी, कँटीन, बागकाम, ड्रायव्हर, यात स्थानिकांना जागा मिळतात. बांधकामाची चार-पाच वर्षं मात्र हजारो माणसं लागतील, नंतर ती जातील. मामेभाऊ ऐकत होता. तो म्हणाला, "दादा, म्हणजे तळोज्याला आहे तेच, फक्त घरून डबा."

"हो," मी म्हणालो. "पण घरचा डबा."

तो हसला नाही, मामाही नाही. कारण घरचा डबा ही काही लहान गोष्ट नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

माझं म्हणणं असं की कोकणातला वाद पर्यावरणाचा आहेच, पण त्याच्याखाली हा मोडलेला सौदा आहे. सत्तर वर्षांपूर्वी देश गरीब होता, तंत्र जुनं होतं, म्हणून रिफायनरीला माणसं लागायची आणि माणसांबरोबर शाळा, दवाखाने यायचे. आज रिफायनरी कितीतरी जास्त जमीन आणि पाणी मागते आणि माणसं फारच थोडी. तिची भाषणं मात्र अजून जुन्या सौद्याची आहेत.

रोजगार नाहीतच असं नाही, पण ते कुंपणाच्या आत नाहीत. नाफ्था आठशे अंशांवर तोडून इथिलीन, प्रोपिलीन करतात, त्याचे दाणे होतात. त्या दाण्यांपासून बादल्या, पाइप, दुधाच्या पिशव्या बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत माणसं लागतात. पण दाणे गोणीतून कुठेही जातात. नागोठण्याचा दाणा वसईला किंवा दमणला साचात पडतो. कारखाने रिफायनरीच्या शेजारीच उभे राहावेत म्हणून २००७ मध्ये सरकारने पेट्रोकेमिकल विभागांचं धोरण आणलं, एकेका विभागाला किमान २५० चौरस किलोमीटर. गुजरातमधलं दहेज भरलं. बाकीच्यांची गाडी फार पुढे गेली नाही. तिथे आधीपासून बंदर होतं, गॅस होता, रसायनांचा धंदा होता. मोठा प्रकल्प आला की छोटे आपोआप येतात, असं होत नाही.

आणि वेळही पूर्वीसारखा उरलेला नाही. ओडिशातल्या पारादीपची पायाभरणी २००० मध्ये झाली, उद्घाटन २०१६ मध्ये. राजस्थानातल्या पचपदराच्या रिफायनरीची कोनशिला २०१३ आणि २०१८ अशी दोनदा बसली, आणि खर्च ४३ हजार कोटींवरून ७० हजार कोटींच्या वर गेला. रिफायनरी पन्नास वर्षांसाठी बांधतात. पन्नास वर्षांनी डिझेल कोण भरणार आहे हा प्रश्न कंपन्यांनाही पडलाय, म्हणून त्या इंधनाकडून रसायनांकडे सरकत आहेत. परावलंबनही फक्त तेलाचं राहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने वाडिनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरावर निर्बंध लावले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने त्यांची ईमेल आणि टीम्स सेवा बंद केली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा परत सुरू झाल्या. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. १९६० मध्ये कच्चं तेल नाकारलं होतं, आता लॉगिन नाकारलं.

तरीही मी रिफायनऱ्यांच्या विरोधात नाही. माझ्या घरात गॅस आहे, मी बाइक चालवतो, माझा पगार तिथूनच येतो. देशाला आणखी क्षमता लागेल असंही दिसतं. मला एवढंच वाटतं की गावाला विचारताना खरा हिशोब मांडावा. प्रकल्पाच्या अहवालात टनांच्या शेजारी एक तक्ता असावा: कोणत्या ट्रेडच्या किती जागा, कायमच्या किती, कंत्राटी किती, बांधकाम संपल्यावर किती उरतील. आणि कायमच्या जागा देता येत नसतील, जे खरं आहे, तर दुसरं काय देणार ते लिहावं. जमीन विकत न घेता भाड्याने घ्यावी, भाडं नफ्याबरोबर वाढावं. हवेचे आकडे गावातल्या ग्रामपंचायतीच्या पडद्यावर दर तासाला दिसावेत. ते आकडे प्लांटमध्ये आधीपासून असतातच, बाहेर दाखवायला दोन दिवसांचंही काम नाही, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. विशाखापट्टणमच्या रिफायनरीत १९९७ मध्ये गॅस पेटून पन्नासहून जास्त माणसं गेली. तसं काही झालं तर कोणत्या रस्त्याने पळायचं, हेही जमीन मागतानाच सांगावं.

बारसूचं पुढे काय होणार ते अजून कोणी नीट सांगत नाही. भारत पेट्रोलियमने आंध्रातल्या रामायपट्टणमला नव्या रिफायनरीची तयारी सुरू केली आहे. ते वाचून मामेभावाने मला मेसेज केला, "गेली वाटतं." मामाने त्याच संध्याकाळी कलमांना खत घातल्याचं फोनवर सांगितलं. मामेभाऊ तळोज्यालाच आहे. त्याचं कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं होतं.